लाल पट्ट्यांची वाट

१८ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीचा धंदा आटोपला की बेंगळुरूच्या चिकपेटात आठ-दहा दिवस माशा मारायचे असतात. गल्ल्यावर बसून जांभया देण्यापेक्षा दोन ओळी लिहाव्यात म्हणून आज ही डायरी उघडली. कुठल्याशा मिलच्या एजंटानं दिलेली, वर्षभर कोरी पडली होती.

लिहिण्यासारखं एकच. मेघाश्रीचा मेसेज आलाय. मला नाही, ह्यांना. "अण्णा, दुकानात पडून असलेलं कापड असेल तर त्याच्या पट्ट्या पाठवा, हातभर लांब. वाटेच्या खुणेला झाडांना बांधायच्यात. लांबून दिसेल असा रंग हवा." तिथं म्हणे झाडाला रंग फासायचा नाही आणि खिळा मारायचा नाही.

झाडांना बांधायच्या! हेब्बाळला काचेच्या इमारतीत बसून काम करणारी माझी लेक मे महिन्यात नोकरी सोडून अंकोल्याकडं गेली. घाटावरून निघायचं, पाच दिवस जंगलातून चालायचं आणि खाली होळेबैल नावाच्या गावी समुद्राला पोचायचं, अशी वाट ती तयार करतेय. गावातलेच वाटाडे, मुक्कामही गावकऱ्यांच्या घरी. शहरातले लोक पैसे देऊन चालायला येणार. संक्रांतीला पहिली टोळी यायची आहे. निघताना मी तिला एवढंच विचारलं होतं, "समुद्रापर्यंत बस जाते ना? मग चालायचं कशाला?" त्यावर ती जी गप्प झाली ती झालीच.

मला अजून खरंच कळलेलं नाही, कशाला ते.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज पट्ट्या फाडल्या. पांढऱ्या देणार नाही, काळ्या तर नाहीच. हिरवी झाडात दिसायची नाही. शेवटी ब्लाउजपीसचं लाल टू बाय टू काढलं, नवं कोरं थान. हे म्हणाले, "अगं, पडून असलेलं दे म्हणालीय ती." मी म्हटलं, "पोरीच्या पहिल्या कामाला पडीक कापड देऊ? लोक काय म्हणतील?" हे म्हणाले, "जंगलात कसले लोक?" पण कात्री ह्यांनीच दिली. काठाला कात्रीनं नखभर काप द्यायचा आणि फर्रकन फाडायचं. लग्न होऊन ह्या दुकानात आले तेव्हापासून हा आवाज मला आवडतो.

मग प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. हे हसले. म्हटलं, नवं कापड ह्या घरातून कोरं कधी गेलंय? शाळेचा युनिफॉर्म असो की टॉवेल, मेघाच्या अंगाला बोट लावल्याशिवाय काही लागलेलं नाही.

खरं लिहायचं तर बोट लावताना मनात एकच येत होतं. ही वाट काही चालू नये, पोर कंटाळून घरी यावी. नवसबिवस नाही. आईच्या मनात काहीबाही यायचंच.

रात्रीच्या बसनं पार्सल गेलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पट्ट्या पोचल्या, बांधूनही झाल्या. हे सांगत होते. तिचा फोन आज संध्याकाळी आला, मी राघवेंद्रस्वामींच्या मठात गेले होते तेव्हा. दर गुरुवारी हे असंच होतं. तिकडं गुरुवारीच संध्याकाळी नेटवर्क मिळतं वाटतं. जंगलातला प्रकार सगळाच विचित्र.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज दुपारी मेघाचा फोन. मला! हात पुसायलाही थांबले नाही.

"आई, तू त्या पट्ट्यांना हळदकुंकू लावलं होतंस?"

"लावलं की. का गं, कुंकवाचा रंग उतरला?"

मग तिनं एकेक करून सांगितलं. त्या भागात हळदकुंकू लावलेलं लाल कापड झाडाला बांधणं म्हणजे 'हरके', आपला नवस. नवसाचं कापड बांधलेल्या झाडाखालून कोणी जायचं नाही, जोवर बांधणारा स्वतः येऊन ते सोडवत नाही. आणि हिनं बांधली कुठं, तर घाटापासून समुद्रापर्यंत! तीन आठवडे गावातली बायामाणसं त्या वाटेनं जायची बंद झालीत. लाकूडफाटा, मध, औषधाची साल, सगळं डोंगराला वळसा घालून आणतात. कोणी एक शब्द बोललं नाही. वाटाडे रोज काहीतरी निमित्त सांगायचे आणि हिला वाटायचं, आळशी आहेत.

"तुला दिसलं नाही का गं कुंकू?" मी विचारलं.

"दिसलं. पण आई, आपल्या घरात कशाला नसतं ते?"

खरंय. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

गावाची बैठक झाली. देवस्थानचे बीरप्पगौडा म्हणून कोणी आहेत, ते म्हणाले की गाठ कोणी का मारेना, कुंकू ज्याच्या हातचं त्यानंच यायचं. सगळी वाट चालत, एकेक पट्टी स्वतः सोडवत. शेवटची बनातल्या देवीसमोर सोडवायची आणि काय मागितलं होतं ते तिला सांगायचं. तसं झालं तर वाट मोकळी. नाही तर संक्रांतीची टोळी नाही, वाटाडे नाहीत, काही नाही.

"मी तर काही मागितलंच नव्हतं," मी म्हटलं.

"मग सोपंच आहे," मेघा म्हणाली. "पण तुला जमायचं नाही आई. मी त्यांना तसं सांगते."

जमायचं नाही म्हणे! मीही मग म्हटलं, येते.

२० डिसेंबर, शुक्रवार

बूट घेतले. साडीवर बूट घालून दुकानात तीन फेऱ्या मारल्या तर समोरचे गुंडूराव दुकान सोडून बघायला आले. "काय अक्का, पोलिसात भरती?" सरी, बरं बाबा, हसा म्हटलं. पंजाबी ड्रेस दोन शिवून घेतलेत.

हे काळजीत आहेत, पण बोलत नाहीत. मी म्हटलं, "अहो, घाबरू नका. येताना पोरीला घेऊनच येते. आता तिचंही मन उडालं असेल." त्यावर हे म्हणाले, "तिची खोली झाडून ठेवतो." आणि लगेच उठून गेले. चिडलेत की काय, कळलं नाही.

२३ डिसेंबर, सोमवार. घाटावर

पोचले. मेघा काळवंडलीय, दंड मुलासारखे झालेत. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि माझ्या बुटांकडं बघून हसू दाबलं. बरोबर नागवेणी आहे, होळेबैलची, चाळिशीची, ह्या वाटेवर वाटाडी व्हायची आहे. तिचं कन्नड आमच्या बेंगळुरूकडच्यापेक्षा वेगळं, दर वाक्याच्या शेवटी हेल काढते. तिनं मला विचारलं नाही की मी काय मागितलं. सगळं विचारलं, घर केवढं, मुलं किती, गुडघे दुखतात का. ते तेवढं नाही.

मीच विचारलं का नाही विचारत ते. म्हणाली, "हरके दुसऱ्यानं विचारायची नसते अक्का. ती तुमची आणि तिची गोष्ट." तिची म्हणजे देवीची.

२४ डिसेंबर, मंगळवार

पहिला दिवस. पहिली पट्टी एका जांभळाच्या झाडाला. गाठ मेघाची, शाळेच्या बुटाच्या नाडीला मारायची तशी दुहेरी. सोडवली, झाडाला हात लावला, पट्टी पिशवीत टाकली. मेघा आणि नागवेणी दहा पावलं मागं थांबल्या होत्या. मग दोघी त्या झाडाखालून गेल्या. असं दिवसभर.

मला वाटलं होतं जंगल म्हणजे हिरवं. हिरवं म्हणणं म्हणजे आमच्या दुकानाला कापडाचं म्हणण्यासारखं आहे! पोपटी, शेवाळी, बाटली, तोंडल्याचा, आणि मध्येच कोवळी पानं चक्क डाळिंबी. दुपारी डोक्यावर वाफेच्या इंजिनासारखा फसफस आवाज झाला, मी घाबरून खाली बसले. नागवेणी म्हणाली, पक्षी आहे, उडतोय. एवढा आवाज पंखांचा? केवढा असेल तो? खातो काय? घरटं कुठं? तिनं सांगितलं की मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून चोचीनं घास भरवतो, पिल्लं मोठी होईतो. मी म्हटलं, "आणि मग?" म्हणाली, "मग काय, फोडून बाहेर येतात." मला आणखी खूप विचारायचं होतं, पण धाप लागली होती.

एक शेकरूही दिसलं. पाठीवरचा मरून रंग आणि पोटाशी साय. ह्या जोडीची साडी मी तीस वर्षं विणकरांकडं मागतेय, सगळे म्हणतात जमत नाही. इथं ते झाडावर उड्या मारतंय.

२५ डिसेंबर, बुधवार

मुक्काम एका सुपारीच्या बागेत. संध्याकाळी मेघाचा फोन वाजला, तिनं घेतला, वाटाड्यांशी बोलली. काल रात्रीही वाजला होता. म्हणजे इथं कुठल्याही वारी नेटवर्क असतं.

लिहून ठेवते. तिला काही बोलले नाही.

आज चढ होता. मेघा पुढं चालते, पण दर वळणावर माझ्याकडं बघत नाही असं दाखवत थांबते. हे तिच्या वडिलांचं. नागवेणी चालताना सांगत होती की गेला महिनाभर ती डोक्यावर मोळी घेऊन डोंगराच्या बाहेरून फिरून गेली. मी म्हटलं, "अगं, राग नाही आला माझा?" म्हणाली, "आला की. एवढं मोठं काय मागणं असेल, सगळ्या वाटेला पुरेल एवढं, असं वाटायचं. मग वाटलं, पोटचं काहीतरी असणार. त्याशिवाय बाई एवढं कापड फाडत नाही."

मी पुढची पट्टी सोडवायला घेतली. ती गाठ सुटता सुटेना.

२६ डिसेंबर, गुरुवार

पायाला फोड आलेत, डावा गुडघा सुजलाय. उतारावर दोनदा बसले. दुसऱ्यांदा उठता येईना तेव्हा मेघा माझ्यासमोर बसली, बूट काढले, पाय मांडीवर घेतला आणि एकदम रडायला लागली.

"पुरे आई. माझ्यापायी तुझे हे हाल नकोत. उद्या सकाळी गाडीरस्ता लागतो, जीप बोलावते. मी हेब्बाळला विचारलंय, फेब्रुवारीत परत घेतात ते. आपण दोघी घरी जाऊ."

अगदी हेच मी बोट लावताना म्हटलं होतं. जसंच्या तसं हातात आलं. मला आनंद व्हायला हवा होता. पाय फार ठणकत होता, त्यानं असेल, पण झाला नाही. ती फोडाला हळद लावत होती आणि मी तिच्या हातांकडं बघत होते. खरचटलेले, नखं तुटलेली, आणि इतके सावकाश. हेब्बाळहून ती यायची तेव्हा तिच्या हातात फोन असायचा, जेवतानाही. हात कधी दिसलेच नव्हते.

मी म्हटलं, "थान अर्धं फाडून कोणी उठतं का? राहिलेल्या सोडवू दे. मग बघू."

"गुडघा बघ आई!"

"गुडघा माझा आहे."

नागवेणीनं काठी तोडून दिली. का चालले ते मला विचारलं तर सांगता यायचं नाही. पुढच्या वळणानंतर काय आहे ते बघायचं होतं, हे एक आहे.

२७ डिसेंबर, शुक्रवार

गाडीरस्ता लागला. मेघानं माझ्याकडं पाहिलं. मी ओलांडला.

पाण्यात उभी असलेली झाडं पाहिली. मुळं गुडघ्यासारखी वर काढून उभी. माझ्याच गुडघ्याची आठवण झाली, आम्ही तिघी खूप हसलो. मेघा हसताना अजून नाकावर हात धरते.

२८ डिसेंबर, शनिवार. होळेबैल

समुद्र आधी ऐकू आला, मग वास आला, दिसला सगळ्यात शेवटी. गावाच्या अलीकडं बन आहे. तिथं बीरप्पगौडा आणि वीस-पंचवीस माणसं बसली होती, बायका जास्त. बीरप्पगौडा म्हणजे मला कोणी मिशीवाला दांडगा वाटला होता. किडकिडीत म्हातारा आहे, कानाला मफलर.

शेवटची पट्टी. पिशवी नागवेणीनं देवीसमोर ठेवायला लावली. म्हाताऱ्यानं विचारलं, "काय मागितलं होतंस, अम्मा? तिला सांग. आम्ही ऐकलं तर ऐकलं."

पाच दिवस मी ठरवत आले होते की सांगायचं, काहीच मागितलं नव्हतं. मेघा माझ्या डाव्या हाताला उभी होती. माझं कन्नड दुकानातलं, भाव करणारं. देवीशी कसं बोलायचं ते त्यात नाही. तसंच बोलले.

"ही माझी मुलगी. हिची ही वाट चालू नये आणि हिनं घरी यावं, असं मागितलं होतं."

मेघाकडं बघायची माझी छाती झाली नाही.

म्हातारा म्हणाला, "मग? दिलं का तिनं?"

"दिलं. परवाच दिलं. मुलगी यायला तयार आहे."

"मग सोडवायला कशाला आलीस?"

"परत घे म्हणून सांगायला. मला नको आता ते."

आणि गाठ सोडवली. सोडवताना डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. म्हाताऱ्यानं मान हलवली, कोणाला तरी म्हणाला, उद्यापासून जा रे. झालं. एवढंच.

मेघा सरळ समुद्राकडं निघून गेली. मी वाळूत बसून राहिले. नागवेणीनं चहा आणून दिला, तोही गार झाला. अंधारायच्या आधी मेघा आली आणि शेजारी बसली.

"वाट चालू नये म्हणून मागितलंस तू?"

"हो."

"आणि हळद लावून, नव्या कापडावर?"

"पडीक कापड देववेना गं."

ती रागानं बघत होती. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, जोरात, दुखेल असं. म्हणाली, "तू विचारलं होतंस ना, बस असताना चालायचं कशाला." मी म्हटलं, "विचारलं होतं." "आता?" मी म्हटलं, "अजूनही नीट सांगता यायचं नाही. पण तू सांगू नकोस. मला शोधू दे."

३० डिसेंबर, सोमवार. बेंगळुरू

रात्रीच्या बसनं सकाळी मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर उतरले, एकटी. हे आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात मोगऱ्याचे दोन गजरे. बाहेर ऑटो थांबवून ठेवला होता, पुढं बॅगेला जागा करून.

ह्यांनी माझ्यामागं बसच्या दाराकडं पाहिलं. सगळे उतरून संपले तरी पाहत होते.

"मेघा?"

"राहिली."

"यायला तयार नाही झाली?"

"झाली होती. मीच नको म्हटलं."

मला वाटलं, आता ओरडतील. खोली झाडून ठेवली होती ना. तिथंच उभं राहून सगळं सांगितलं, पट्ट्या, देवी, मी काय मागितलं होतं ते आणि काय परत केलं ते. माणसं आम्हाला धक्के देत जात होती. छत्तीस वर्षांत मी ह्यांना इतकं सगळं एका दमात कधी सांगितलं नव्हतं, आणि ह्यांनी इतकं ऐकलंही नव्हतं.

ऐकून झाल्यावर म्हणाले, "अवघड आहे का गं वाट?"

"तिसरा दिवस आहे. उतार."

"मला जमेल?"

दुकानापासून मठाला जायलाही ऑटो करणारा हा माणूस. मी म्हटलं, "बूट घ्यावे लागतील."

हे बाहेर गेले आणि ऑटोवाल्याला जायला सांगितलं. तो चिडला, ह्यांनी त्याला काहीतरी देऊन समजावलं. मग माझी बॅग खांद्याला लावली, दोन्ही गजरे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "चल, चिकपेटपर्यंत चालून बघू तरी."

निघालो. मी गुडघ्यानं लंगडत, हे बॅगेनं वाकून. अर्ध्या वाटेत ह्यांना धाप लागली. एका बंद दुकानाच्या पायरीला टेकले, रुमालानं मान पुसली आणि जरा वेळानं म्हणाले, "तिला सांगू नकोस गं. वाट चालून एकदम तिच्या दारात उभा राहतो."